युद्धासाठी घेतलेली जमीन : बंगाल, आसाम आणि मणिपूरमधील जुने लष्करी विमानतळ व भोवतालची गावे

दुसरे महायुद्ध म्हटले की आपल्या मुलांना हिटलर, पर्ल हार्बर आणि हिरोशिमा आठवतात. शाळेत आम्हीही तेवढेच शिकवतो. पण या युद्धाची एक मोठी आघाडी हिंदुस्थानच्या पूर्व सीमेवर होती. तिच्यासाठी बंगाल, ओडिशा, आसाम, त्रिपुरा आणि मणिपूरमध्ये भाताच्या शेतांवर, सालच्या जंगलात आणि गावांच्या गायरानांवर मोठ्या संख्येने धावपट्ट्या तयार झाल्या. युद्ध संपल्यावर काही तशाच पडून राहिल्या, काहींचे नागरी विमानतळ झाले, काही लष्कराकडेच राहिल्या. ज्यांची जमीन गेली त्यांत मुसलमान शेतकरी फार मोठ्या संख्येने होते. अविभाजित बंगालमध्ये आपली लोकसंख्या निम्म्याहून जास्त होती आणि पूर्व बंगालच्या खेड्यांत तर शेतकरी वर्ग बहुतेक मुसलमानच होता.

विमानतळांची गरज का पडली

मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती गेले. मे महिन्यापर्यंत जवळजवळ सगळा बर्मा पडला. १० मे १९४२ रोजी इम्फाळवर पहिले बॉम्ब पडले. बंगाल हा मागचा सुरक्षित प्रांत होता, तो एका झटक्यात आघाडीचा प्रांत झाला. ब्रिटिश वायुदल आणि अमेरिकेचे दहावे हवाई दल या दोघांनाही धावपट्ट्या हव्या होत्या, आणि त्या लगेच हव्या होत्या.

जमीन घेण्याचे हत्यार तयारच होते. १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याखालील नियमांनी सरकारला कोणतीही स्थावर मालमत्ता लेखी आदेशाने ताब्यात घेण्याचा अधिकार दिला होता. इथे दोन शब्दांतला फरक नीट समजून घ्यावा लागतो, कारण पुढचे सगळे भांडण त्यातूनच निघाले. अधिग्रहण म्हणजे तात्पुरता ताबा. जमीन मालकाच्याच नावावर राहते, सरकार ती वापरते, भाड्यासारखी भरपाई देते आणि गरज संपली की परत करते. संपादन म्हणजे कायमची मालकी सरकारकडे जाणे. ते १८९४ च्या भूसंपादन कायद्याने होत असे. युद्धाच्या घाईत बऱ्याच जमिनी आधी अधिग्रहणाने घेतल्या गेल्या. शेतकऱ्याने आपली जमीन परत येणार असे धरले असेल तर त्यात चूक काही नव्हती, कायदाच तसे सांगत होता. पण दीड-दोन किलोमीटर काँक्रीट ओतलेली जमीन परत मिळाली तरी तिच्यात भात लावणार कसा, हे कायद्यात लिहिलेले नव्हते.

जमीन गेली, होड्या गेल्या, मग तांदूळ गेला

याच वर्षी बंगालच्या किनारी जिल्ह्यांत सरकारने ‘नकार धोरण’ राबवले. जपानी उतरले तर त्यांना वाहने व धान्य मिळू नये म्हणून दहापेक्षा जास्त माणसे नेणाऱ्या होड्या काढून घेतल्या किंवा नष्ट केल्या. नोंद झालेल्या ६६ हजारांवर होड्यांपैकी सुमारे ४६ हजार अशा गेल्या. नदीच्या मुलुखात होडी म्हणजे आपल्याकडची बैलगाडी. मासेमारी, बाजार, पलीकडच्या चरावरची शेती, सगळे तिच्यावर चालायचे. प्रांताचे तेव्हाचे पंतप्रधान ए. के. फजलुल हक यांनी ऑगस्ट १९४२ मध्ये गव्हर्नर हर्बर्ट यांना पत्र लिहून मंत्रिमंडळाला डावलून हे निर्णय होत असल्याबद्दल नाराजी कळवली होती.

१९४३ च्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या वुडहेड आयोगाने १९४५ च्या अहवालात लष्करी कामांसाठी ३० हजारांहून जास्त कुटुंबांना घर-जमीन सोडावी लागल्याचा अंदाज दिला आहे. भरपाई दिली गेली, पण यांतील बरीच कुटुंबे पुढे दुष्काळाला बळी पडली असावीत, असेही आयोगाने मान्य केले. हा सरकारनेच नेमलेल्या आयोगाचा निष्कर्ष आहे, म्हणून त्याचे वजन जास्त.

भरपाई मिळूनही माणसे का मेली? हिशेब साधा आहे. जमीन असलेला शेतकरी भात विकत घेत नाही, पिकवतो. जमीन गेल्यावर त्याच्या हातात रोख पैसे आले आणि तो तांदळाचा गिऱ्हाईक झाला. कलकत्त्याच्या बाजारात तांदळाचा भाव जानेवारी १९४२ मध्ये मणाला सहा रुपयांच्या आत होता. मे १९४३ मध्ये तो तीस रुपयांवर गेला. त्या भावापुढे हातातली रक्कम किती दिवस पुरणार? आणि बटईने करणाऱ्या बर्गादाराच्या नावावर तर जमीनच नव्हती. भरपाई मालकाला मिळते, कसणाऱ्याचा नुसता रोजगार जातो. दुष्काळात आयोगाच्या मते सुमारे १५ लाख माणसे गेली. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. विमानतळाच्या कामावर रोजंदारी मिळाली आणि आसपासच्या हजारो लोकांनी ती घेतली. खडी फोडणे, माती वाहणे, रोलर ओढणे हे बहुतेक हाताने झाले. बायकाही डोक्यावर टोपली घेऊन कामावर होत्या. रोज मिळाला म्हणून काही घरांची चूल पेटत राहिली, हेही खरेच.

खरगपूरच्या भोवतालची चार तळे

अमेरिकेचे सर्वात मोठे बॉम्बर विमान बी-२९ हिंदुस्थानात आले ते बंगालच्या पश्चिम टोकाला. खरगपूर, पियारडोबा, दुधकुंडी आणि चाकुलिया ही त्याची चार तळे. पहिली तीन आजच्या पश्चिम बंगालमध्ये, चाकुलिया झारखंडमध्ये. विसाव्या बॉम्बर कमांडचे मुख्यालय खरगपूरजवळ हिजलीच्या बंदीखान्याच्या इमारतीत होते. याच हिजलीत १६ सप्टेंबर १९३१ रोजी निःशस्त्र राजबंद्यांवर गोळीबार झाला होता. पुढे १९५१ मध्ये देशातील पहिली आयआयटी याच वास्तूत सुरू झाली. एकाच इमारतीत तुरुंग, लष्कर आणि कॉलेज!

५ जून १९४४ रोजी या तळांवरून बी-२९ ची पहिली युद्धमोहीम बँकॉकवर गेली. जपानवर हल्ला करायचा तर विमाने आधी हिमालय ओलांडून चीनमधल्या चेंगडूला न्यावी लागत आणि पेट्रोलही तिकडे विमानानेच वाहून न्यावे लागे. हा मार्ग फारच महाग पडला. १९४५ च्या सुरुवातीला बी-२९ प्रशांत महासागरातल्या मारियाना बेटांकडे हलवली गेली. म्हणजे ज्या धावपट्ट्यांसाठी गावे हलली, त्यांचा या विमानांना उपयोग झाला जेमतेम एक वर्ष.

ओडिशात मयूरभंज जिल्ह्यातल्या रासगोविंदपूरजवळ अमर्दा रोडचा तळ आहे. इथे वैमानिकांना लढाऊ प्रशिक्षण दिले जाई. धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब. २६ जुलै १९४५ रोजी सरावात दोन लिबरेटर विमाने हवेतच एकमेकांवर आदळली आणि १४ जण मेले.

पूर्व बंगाल : फेनी, ढाका, कॉक्स बाजार

फेनीच्या तळावर १९४४ च्या जुलैपासून अमेरिकेचा बारावा बॉम्बार्डमेंट ग्रुप होता. मागे राहिलेल्या जागेच्या काही भागावर २००६ मध्ये मुलींचे कॅडेट कॉलेज सुरू झाले. ढाक्याजवळचे तेजगाव आणि कुर्मीटोला हेही युद्धकाळातच सुरू झाले. कुर्मीटोला म्हणजेच आजचा हजरत शाहजलाल आंतरराष्ट्रीय विमानतळ. उमरा-हजला जाणारे बरेच बांगलादेशी यात्री तिथून निघतात.

कॉक्स बाजारची गोष्ट वेगळी आहे. आराकानच्या मोहिमेत हा तळ ब्रिटिश वायुदलाचा होता. १९९१ च्या चक्रीवादळात कुतुबदिया बेटावरची घरेदारे गेली, तेव्हा बरीच कुटुंबे येऊन विमानतळाच्या कडेला समुद्राजवळच्या सरकारी जागेत राहिली. वस्तीचे नावच कुतुबदियापाडा पडले. पुढे विमानतळ मोठा करायचे ठरले आणि ही माणसे पुन्हा अडचणीत आली. त्यांच्यासाठी खुरुश्कुल येथे ४,४०९ कुटुंबांना घरे देण्याची योजना झाली. २३ जुलै २०२० रोजी पहिल्या २० इमारतींत ६०० कुटुंबांना सदनिका दिल्या गेल्या. मच्छीमाराला पक्के घर मिळाले ही चांगलीच गोष्ट. पण त्याची होडी किनाऱ्याला असते, पाचव्या मजल्यावर नाही, हेही योजना करणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे.

मणिपूर : सहा धावपट्ट्या आणि पांगल गावे

इम्फाळच्या खोऱ्यात सहा धावपट्ट्या होत्या : कोइरेंगेई, तुलिहाल, कांगला, वांगजिंग, सापाम आणि पालेल. मणिपूरच्या मुसलमानांना पांगल म्हणतात. राजा खागेम्बाच्या काळात, १६०६ मध्ये, सिल्हेटकडून आलेले सैनिक इथे वसले. त्यांची भाषा मैतेई. २०११ च्या जनगणनेत राज्यात मुसलमान ८.४ टक्के आहेत. इम्फाळहून थौबाल, वांगजिंगमार्गे पालेलकडे जाणाऱ्या रस्त्यावर लिलोंग हे त्यांचे मोठे गाव लागते. युद्धाची बरीच वाहतूक या रस्त्याने झाली.

मार्च १९४४ च्या अखेरीस जपान्यांनी इम्फाळ-कोहिमा रस्ता तोडला. २२ जूनला तो पुन्हा उघडला. मधल्या काळात खोरे फक्त विमानांवर जगले. सुमारे १९ हजार टन माल आणि १२ हजार सैनिक आत आले. १३ हजार जखमी आणि लढाईत नसलेले ४३ हजार लोक बाहेर नेले गेले. पाचवी हिंदुस्थानी डिव्हिजन तर तोफा-खेचरांसकट आराकानहून विमानाने आणली गेली. पावसाळ्यात धावपट्टी चिखलात रुतू नये म्हणून बर्माच्या मोहिमेत भोके पाडलेले पोलादी पत्रे वापरत, तसेच डांबरात बुडवलेले तागाचे गोणपाट. ताग बंगालचा, पिकवणारा बहुतेक मुसलमान शेतकरी.

समोरच्या बाजूलाही आपली माणसे होती. पालेलच्या धावपट्टीवर चाल करून गेलेली आझाद हिंद फौजेची गांधी ब्रिगेड इनायत जान कियानी यांच्या हाताखाली होती. १४ एप्रिल १९४४ रोजी मोइरांगला तिरंगा फडकवला तो कर्नल शौकत अली मलिक यांनी. आणि ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेत सांगशाकला जपान्यांना रोखणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. इम्फाळच्या हिंदुस्थानी युद्ध कब्रस्तानात मुस्लिम सैनिकांच्या कबरी आहेत आणि शेजारच्या स्मारकावर दहन झालेल्या ८६८ हिंदू-शीख सैनिकांची नोंद आहे.

तुलिहाल आज इम्फाळचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. त्रिपुरात महाराजा बीर बिक्रम यांनी १९४२ मध्ये बांधलेल्या आगरतळ्याच्या विमानतळाला २०१८ मध्ये त्यांचेच नाव दिले गेले. आसाममध्ये धुबरीजवळच्या रूपसीला कित्येक वर्षांनी, ८ मे २०२१ रोजी, पुन्हा नियमित विमान उतरले.

युद्ध संपले, ताबा नाही

युद्ध १९४५ मध्ये संपले. त्याबरोबर युद्धकाळचे नियमही संपायला हवे होते. पण १९४७ च्या कायद्याने अधिग्रहित जमिनींचा ताबा चालू ठेवला आणि १९५२ च्या ‘स्थावर मालमत्ता अधिग्रहण व संपादन’ कायद्याने तोच ताबा पुढे नेला. या कायद्यात मालक स्वतः राहतो ते घर, तसेच लोकांची प्रार्थनास्थळे, शाळा, इस्पितळे, वाचनालये आणि अनाथालये अधिग्रहित करता येणार नाहीत, अशी तरतूद होती. प्रार्थनास्थळाला सूट होती, पण त्याच्या खर्चासाठी लावून दिलेल्या शेतजमिनीला त्या शब्दांत सूट नव्हती. वक्फ संस्थांनी हे ध्यानात ठेवावे. संपादन करताना आजचा भाव किंवा अधिग्रहणाच्या दिवशीच्या भावाची दुप्पट, यांत जे कमी ते द्यायचे, असेही एक कलम होते. सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाविरोधी ठरवले. ताबा किती वर्षे ठेवायचा याला १९७० मध्ये पहिल्यांदा मर्यादा आली. ती वाढत वाढत १७ वर्षे झाली आणि मार्च १९८७ मध्ये संपली. १९४२ ची तात्पुरती गोष्ट १९८७ पर्यंत! सरकारी काम आणि सहा महिने थांब, असे आपण म्हणतो. इथे पंचेचाळीस वर्षे झाली.

महाराष्ट्रातही पुण्याचे लोहगाव (१९३९) आणि मुंबईचे सांताक्रूझ हे त्याच काळातले लष्करी तळ. सांताक्रूझ १९४८ पासून नागरी वापरात आला, लोहगाव आजही वायुदलाकडे आहे. ज्यांच्या घरात ‘आमची जमीन मिलिटरीने घेतली’ असे आजोबा सांगायचे, त्यांनी आधी जुना सातबारा आणि त्यावरच्या फेरफार क्रमांकांची नक्कल तलाठी किंवा तहसील कार्यालयातून काढावी. ‘इतर हक्क’ या रकान्यात सरकारचे नाव आहे की कब्जेदार म्हणून आहे, यावर अधिग्रहण झाले होते की संपादन, याचा पहिला अंदाज येतो. त्यानंतर भरपाईचा निवाडा शोधावा. मराठवाड्यातल्या कुटुंबांना निजामकाळातली कागदपत्रे उर्दूत मिळतील. ती वाचता येत नाहीत म्हणून बाजूला टाकू नयेत. जुने शिकस्ता अक्षर वाचता येणाऱ्या जाणकाराकडून ती वाचून घ्यावीत. मात्र महसुली शिकस्ता अक्षर लावायला वेळ लागतो, तेवढा धीर ठेवावा.