चुनखडीतील तेल आणि समुद्राचे पाणी



एक रुपयाच्या नोटेच्या पाठीवरील समुद्रातल्या तेलविहिरीचे चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ते 'सागर सम्राट'. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर त्याने तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. ही शोधकथा सर्वपरिचित आहे. मी आज बोलणार आहे ते सापडलेले तेल वर काढण्याच्या, कमी सांगितल्या गेलेल्या इतिहासाविषयी.

बेळगाव-सांबऱ्याच्या परिसरात आढळणारा दख्खनचा काळा कातळ मुंबई हायच्या तळाशीही काही भागात आहे; मात्र तेल मुख्यत्वे त्यावरील चुनखडीत आहे. ते तळ्यासारखे साठलेले नसून दगडाच्या बारीक छिद्रांत मुरलेले आहे. आरंभी भूगर्भातील दाबच त्याला वर ढकलतो. दाब उतरला की तेलात विरघळलेला वायू सुटतो, विहिरीकडे आधी धावतो आणि तेल मागे राहते. म्हणून दाब टिकविण्यासाठी पाणी आत दाबावे लागते. समुद्राचे पाणी गाळून, त्यातील प्राणवायू काढून (नाहीतर नळ गंजतात) खाली सोडण्याचे काम मुंबई हायवर १९८४ मध्ये सुरू झाले, म्हणजे उत्पादनानंतर आठ वर्षांनी. १९७३-७४ मध्ये तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले होते. त्या काळातील निकड मी समजू शकतो. तरीही पाणी उशिराच आले, असे माझे मत आहे.

पाणी सोडले तरी प्रश्न सुटत नाही. उन्हाने भेगाळलेल्या काळ्या रानात पाट सोडून पाहा! पाणी भेगेतून निघून जाते आणि ढेकूळ कोरडेच राहते. चुनखडीतही भेगा आणि दगड विरघळून झालेल्या वाटा असतात. त्यांतून पाणी थेट उत्पादक विहिरीत पोहोचते. तेल छिद्रांतच अडकून राहते.

नॉर्वेच्या एकोफिस्क क्षेत्रात मात्र भेगाच उपयोगी पडल्या. १९६९ मध्ये सापडलेले ते क्षेत्र खडूच्या दगडाचे. दाब घटल्याने दगड दबला, समुद्रतळ खचला आणि १९८७ मध्ये तेथील मंच सुमारे ६ मीटर उचलावे लागले. त्याच वर्षी मोठ्या प्रमाणावर पाणी सोडणे सुरू झाले. भेगांतून पसरलेले पाणी खडूने वातीसारखे शोषून घेतले व तेल बाहेर लोटले. प्रत्येक चुनखडी अशी तहानलेली नसते. कित्येक ठिकाणी तेलच दगडाला चिकटून बसते. तेव्हा पाण्यातील क्षारांचे प्रमाण बदलून किंवा रसायने मिसळून ती पकड सैल करावी लागते.

मुंबई हायचे उत्पादन वर्षाला सुमारे २ कोटी टनांवर पोहोचले आणि नंतर घसरले. २००० नंतरच्या पुनर्विकासात आडव्या विहिरी खोदून, मागे राहिलेल्या तेलापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न झाला. जानेवारी २०२५ मध्ये उत्पादनवाढीसाठी तांत्रिक साहाय्यक म्हणून बीपी या ब्रिटिश कंपनीची निवड झाली.