इचलकरंजीकर, बाळकृष्णबुवा

इचलकरंजीकर, बाळकृष्णबुवा : (१८४९–१९२६). ग्वाल्हेर घराण्याची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजवणारे गायक व गुरू. जन्म इचलकरंजीजवळच्या चंदूर गावी. वडील रामचंद्रबुवा यांना गाण्याचे अंग होते. आईचे छत्र लहानपणीच हरपले.

उद्दिष्ट : ‘गाणे शिकायचे’ असे पुष्कळांनी ठरवले, पण कोणते गाणे आणि कोणत्या परंपरेतले, हे नेमके ठरवून त्यासाठी घर सोडणारे थोडे. बुवा त्यांतले अग्रगण्य. त्या काळी दक्षिण महाराष्ट्रात कीर्तन, भजन, लावणी यांची रेलचेल होती, संस्थानांच्या आश्रयाला काही गवईही होते. पण ख्यालाची सलग तालीम द्यायला घराण्याचा गुरू जवळपास नव्हता. ती विद्या ग्वाल्हेरला, हद्दूखाँ-हस्सूखाँ या बंधूंच्या परंपरेत होती. ती मिळवायची आणि आपल्या मुलखात आणायची, या दोन गोष्टींभोवती त्यांचे सारे आयुष्य फिरले. यश म्हणजे काय, याचा त्यांचा हिशेब इतका स्पष्ट होता म्हणूनच वाटेतल्या अडचणींनी ते भरकटले नाहीत, असे प्रस्तुत नोंदलेखकाचे मत आहे.

शिक्षण : आरंभी निरनिराळ्या गवयांकडे. पुढे धार येथे देवजीबुवा परांजपे यांच्याकडे राहून शिकले. ध्रुपद, धमार, ख्याल आणि टप्पा या चारही प्रकारांची तालीम देवजीबुवांना मिळालेली होती. धार का सुटले याविषयी गुरुगृहातील कलहाच्या कथा सांगतात. त्यांच्या तपशिलात एकवाक्यता नाही. बुवांचे मुख्य गुरू ग्वाल्हेर परंपरेचे वासुदेवबुवा जोशी. त्यांनी आधी नकार दिला आणि पुढे काशीत गाठ पडल्यावर शिष्य म्हणून स्वीकारले, अशी आख्यायिका आहे. घरकाम, सेवा आणि मेहनत यांतून विद्या पदरात पाडून घेण्याची ती रीत होती.

गायकी : या घराण्यात बंदिश हा पाया. विलंबित ख्याल बहुधा तिलवाडा किंवा झुमरा तालात. आधी अस्ताई-अंतरा जसाच्या तसा, शब्द न चिरडता भरायचा आणि मगच आलाप, बेहलावे, बोलताना व ताना. लय फार संथ नाही. आवाज मोकळा, आकार स्वच्छ, तान बहुधा सपाट आणि दाणेदार. शिष्याने अस्ताई नेमकी भरेपर्यंत पुढचा मजकूर मिळायचा नाही, ही या तालमीची शिस्त. अशा तालमीत ‘आज काय साधायचे’ हे रोज ठरलेले असते. बुवांच्या शिष्यांची एकजात पक्की बैठक त्यातूनच घडली.

मुंबई : गायनसमाज स्थापन केला, ‘संगीत दर्पण’ हे मासिक काढले. दम्यामुळे मुंबई सोडावी लागली.

मिरज व इचलकरंजी : मिरज संस्थानात दरबारी गायक. नंतर इचलकरंजीचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या आश्रयाने अखेरपर्यंत इचलकरंजीत. तेच नाव पुढे लागले. मुलगा अण्णाबुवा हेही गायक. ते वडिलांच्या हयातीतच वारले.

शिष्यपरंपरा : बुवांच्या उद्दिष्टाचा खरा पुरावा येथे आहे. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) लहानपणी फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू झाल्यावर मिरजेला बुवांकडे आले. १८९६ मध्ये ते बाहेर पडले आणि १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. गुरूच्या घरी सेवा करून मिळणारी विद्या वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांत बसवणे हा पलुस्करांचा स्वतःचा संकल्प. त्यासाठी लागलेले भांडवल मात्र मिरजेचे. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास आणि बा. र. देवधर ही या शाखेतील नावे. पलुस्करांच्या कीर्तीमुळे गुरूचे नाव मागे पडते, ते योग्य नाही. अन्य शिष्यांत गुंडूबुवा इंगळे, नीळकंठबुवा जंगम, वामनबुवा चाफेकर, मिराशीबुवा (यशवंत सदाशिव पंडित) आणि अनंत मनोहर जोशी हे प्रमुख. मिराशीबुवांनी परंपरेतील बंदिशी ‘भारतीय संगीतमाला’ या ग्रंथमालेत स्वरलिपीसह छापल्या. अनंत मनोहर जोशी यांना १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचे पुत्र गजाननराव (१९११–८७) गायन आणि व्हायोलिन दोन्हींत नावाजले, आणि त्यांच्याकडे उल्हास कशाळकर शिकले.