आरसी१०टी

आरसी१०टी : रेडिओ-नियंत्रित शर्यती ट्रकचा १:१० प्रमाणातील जुना संच. कॅलिफोर्नियातील असोसिएटेड इलेक्ट्रिक्स कंपनीने तो १९९० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आणला. सुटे भाग घरी जोडून गाडी उभी करावी लागे. मोटर, बॅटरी आणि रेडिओसंच वेगळे घ्यावे लागत.

पूर्वपीठिका : रॉजर कर्टिस यांनी रचलेली याच कंपनीची आरसी१० ही बग्गी १९८४ मध्ये आली. १९८५ मध्ये डेल मार येथील, मातीवर धावणाऱ्या १:१० विद्युत गाड्यांच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत जे हॅल्सी यांनी तिच्यावर दोन चाकांना गती मिळणाऱ्या गाड्यांच्या गटाचे विजेतेपद मिळवले. त्याच काळात अमेरिकेत स्टेडियममध्ये मातीचे उंचवटे रचून पिकअप ट्रक पळवण्याच्या शर्यती गाजत होत्या. त्यांच्या धर्तीवर ‘स्टेडियम ट्रक’ हा मॉडेलगट रूढ झाला. आरसी१०टी त्याच गटासाठी, बग्गीच्याच पायावर उभारलेला होता. लोसी कंपनीचा जेआरएक्स-टी हा त्याचा प्रमुख प्रतिस्पर्धी.

रचना : सांगाडा सोनेरी ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, कडा वर वळवलेला. बग्गीपेक्षा चाके मोठी आणि त्यांमधील अंतर जास्त. त्यामुळे वळणावर गाडी कमी कलंडे. पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे कवच आतून रंगवले जाई, म्हणून घासले तरी रंग टिके.

शर्यतीची वैशिष्ट्ये : बॉल डिफरन्शियलमुळे वळताना मागची दोन्ही चाके वेगवेगळ्या गतीने फिरत, त्याचा घट्टपणा स्क्रूने ठरवता येई. उडी मारून जमिनीवर आदळताना स्लिपर क्लच घसरे आणि गिअरचे दात वाचत. तेलभरल्या शॉकॲब्सॉर्बरमधील तेल, पिस्टन आणि स्प्रिंग मातीच्या प्रकारानुसार बदलत. ‘स्टॉक’ गटात २७ वेढ्यांची मोटर असे. कमी वेढ्यांची मोटर अधिक वेगवान, पण ७.२ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी लवकर संपवणारी. शर्यत काही मिनिटांचीच असल्याने वेग आणि बॅटरी यांचा मेळ घालणे हेच चालकाचे कसब ठरे.

रेडिओ : एकाच वारंवारतेवर दोघांचे रेडिओ चालू झाले तर गाड्या बेताल होत, म्हणून प्रत्येकाला वेगळ्या वारंवारतेचा क्रिस्टल लागे. पुढे २.४ गिगाहर्ट्झच्या संचांनी ही अडचण संपवली. भारतात या पट्ट्यातील कमी शक्तीची उपकरणे २००५ मध्ये परवानामुक्त झाली.