कलावंत कारखान्यातून शाळेच्या वेळापत्रकात

कारखाना हा शब्द माझ्या रोजच्या व्यवहारातला. त्याच्या दारात उभा राहून मी तीस वर्षे भाषणे केली. पण बडोदे संस्थानात गाणाऱ्या-नाचणाऱ्या नोकरांच्या खात्याला ‘कलावंत कारखाना’ म्हणत, हे मला कळले पन्नाशी उलटल्यावर, एका वाचनालयात. शिवकाळातील अठरा कारखाने ज्यांनी वाचले आहेत त्यांना या नावाचे नवल वाटणार नाही. नवल पुढेच आहे.

१८८० साली सयाजीराव गायकवाडांचा विवाह तंजावरच्या मराठी राजघराण्यातील लक्ष्मीबाईंशी झाला. वधूबरोबर तंजावरचा नाचणारांचा ताफाही बडोद्यास आला. म्हणजे आंदणात भांडीकुंडी यावीत, तशी कसबी माणसे आली! दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू या चार बंधूंनी अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम बसविला, तोच आजच्या भरतनाट्याच्या अभ्यासक्रमाचा कणा आहे. त्या परंपरेचे कसब या ताफ्याच्या अंगात होते. बडोद्याच्या या तंजावरी ताफ्यातील गौरा आणि कांतिमती यांची नावे राहिली. साथ करणारांपैकी बहुतेकांची राहिली नाहीत.

१८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली सयाजीरावांनी संगीतशाळा काढली. गाणे फळ्यावर आले. नाच मात्र दरबारातच राहिला, कारण नाचणारीचे कसब हवे असले तरी तिच्याशेजारी आपली मुलगी बसविण्यास समाज तयार नव्हता. पुढे १९५० च्या सुमारास बडोद्याच्या नव्या विद्यापीठात नृत्य हा विषय झाला, आणि कांतिमतीचे चिरंजीव कुबेरनाथ तंजावूरकर तेथे शिकवू लागले. कारखान्यातल्या बाईचा मुलगा विद्यापीठाचा गुरुजी झाला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

सगळीकडे असे घडले नाही. मद्रासेत १९४७ च्या कायद्याने देवदासी वाहण्याची चाल बंद झाली. ती बंद व्हायलाच हवी होती. पण चालीबरोबर त्या बायांचा रोजगारही गेला, आणि त्यांचीच कला शिकविण्याच्या जागा बहुतांशी दुसऱ्यांना मिळाल्या. कारखाना बंद होताना कामगारांचे काय, हा प्रश्न तेव्हा फार थोड्यांनी विचारला.

आज केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाकडे अकरावी-बारावीस कथक, भरतनाट्यम्, मणिपुरी, ओडिसी, कुचिपुडी, कथकळी यांपैकी एक विषय घेता येतो. लेखी परीक्षाही असते. विषय आला की प्रमाणपत्राचा शिक्षक आला. काही वर्षांपूर्वी तमाशाच्या फडात आयुष्य घालविलेले एक ढोलकीवाले गृहस्थ माझ्याकडे आले होते. एका शाळेत ते मुलींचे नाच बसवीत; पगार चार महिने थकला होता. मी हजेरीपट मागितला. त्यात त्यांचे नाव नव्हते. मागच्या वर्षीचे पैसे ‘स्नेहसंमेलन, किरकोळ खर्च’ या सदराखाली टाकलेले होते.