चिठ्ठ्यांतून उभा राहिलेला कोश

नोव्हेंबर १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे वेस्टमिन्स्टरचे डीन रिचर्ड शेनेविक्स ट्रेंच यांनी इंग्रजी कोशांतील उणिवांवर व्याख्यान दिले. नव्या करारातील समानार्थी शब्दांचा अभ्यास केलेल्या या धर्मपंडिताची भूमिका स्पष्ट होती. कोशकार हा भाषेचा इतिहासकार. शब्दांची प्रतवारी लावणे त्याचे काम नव्हे. रोजच्या बोलण्यातल्या शब्दाइतकाच जुन्या धर्मग्रंथांतला विरळ शब्दही त्याने नोंदवला पाहिजे. पुढे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी म्हणून ख्यातकीर्त झालेल्या कोशाचा पाया या विचाराने घातला गेला.

सुरुवातीचा काळ कसोटीचा होता. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज १८६१ मध्ये वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी क्षयाने गेले. फ्रेडरिक फर्निव्हल यांनी धुरा घेतली, ग्रंथांतली अवतरणे चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवणारे पुष्कळ वाचक जोडले. पण चिठ्ठ्या ठिकठिकाणी विखुरल्या आणि काम रेंगाळले. १८७९ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसशी करार होऊन शाळामास्तर जेम्स मरे संपादक झाले. तेव्हा त्यांच्या हाती आलेल्या चिठ्ठ्यांच्या एका पोत्यात उंदरांनी संसार थाटला होता.

मरे यांनी मिल हिलमध्ये पत्र्याची खोली उभारली, भिंतींना हजाराहून अधिक कप्पे केले आणि वाचकांना जाहीर आवाहन केले. १८८५ मध्ये हे काम ऑक्सफर्डला हलले. चिठ्ठीच्या डाव्या कोपऱ्यात शब्द, खाली वर्ष, लेखक, ग्रंथ, पृष्ठ आणि मग पूर्ण अवतरण, अशी शिस्त होती. मरे यांची मुले त्या वर्णानुक्रमे लावून देत. बनारसला संस्कृतचे अध्यापन केलेले आणि विष्णुपुराणाच्या विल्सनकृत भाषांतराचे संपादन करणारे फिट्झएडवर्ड हॉल यांनी अनेक वर्षे विनामूल्य मदत केली. ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयातून डॉ. विल्यम मायनर अवतरणे पाठवत राहिले. टिंडल यांच्या भाषांतरापासून १६११ च्या अधिकृत आवृत्तीपर्यंत बायबलची नाना रूपे वाचकांनी चाळली.

१८८४ मध्ये ३५२ पानांचा पहिला भाग निघाला. १८८८ मध्ये ए आणि बी या अक्षरांचा पहिला खंड पूर्ण झाला. त्यात ‘बिब्लिओलॅट्री’ हा विरळ शब्द आहे. ग्रंथाविषयीची अवाजवी भक्ती हा त्याचा एक अर्थ. बायबलच्या आशयापेक्षा अक्षरालाच पूज्य मानण्याची वृत्ती हा दुसरा. धर्मशास्त्रीय वादांत हा शब्द बहुधा आक्षेप म्हणून येतो. कोशाने मात्र वादात बाजू न घेता त्याचे अर्थ आणि वापर मांडले. त्याच खंडातून ‘बॉन्डमेड’, म्हणजे दासी, हा बायबलमधला शब्द गळाला. त्याच्या चिठ्ठ्याच गहाळ झाल्या होत्या, आणि छपाईपर्यंत ते कोणाच्या लक्षात आले नाही. १९३३ च्या पुरवणीत त्याला हक्काची जागा मिळाली.

दरम्यान हेन्री ब्रॅडली, विल्यम क्रेगी आणि चार्ल्स ऑनियन्स यांनी संपादनाचा भार वाटून घेतला. ‘स्क्रिप्चर’ आणि त्याच्या कुळातले शब्द ब्रॅडली यांच्या वाट्याला आले. १९१५ मध्ये टी या अक्षराचे काम चालू असताना मरे यांचे निधन झाले. महायुद्धाने मनुष्यबळ घटले, तरी काम थांबले नाही. १९२८ मध्ये कोश पूर्ण झाला : ४,१४,८२५ शब्द आणि अठरा लाखांहून अधिक अवतरणे. दहा वर्षांचे म्हणून ठरलेले काम जवळजवळ पन्नास वर्षे चालले होते.

रॉबर्ट बर्चफील्ड यांनी १९७२ ते १९८६ या काळात चार पुरवणी खंड सिद्ध केले. १९८९ मध्ये वीस खंडांची दुसरी आवृत्ती आली आणि २००० पासून कोश इंटरनेटवर उपलब्ध झाला. तिसऱ्या आवृत्तीसाठी आज जुनी प्रत्येक नोंद नव्याने तपासली जात आहे. शब्द प्रचारातून गेला, तरी कोश त्याची नोंद काढून टाकत नाही. जुने धर्मग्रंथ वाचणाऱ्याला अनोळखी शब्द अडला, की त्याचा अर्थ, काळ आणि वापर आजही येथे हमखास सापडतो. बिनमोल राबलेल्या असंख्य वाचकांच्या श्रमांचे सार्थक त्यातच आहे.