प्रश्न छापला म्हणून खटला: र. धों. कर्वे आणि आपण

मागच्या आठवड्यात हिंगोलीहून चुलतभावाचा मेसेज आला. अकरावीत आहे. "दादा, हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का रे?" पाठवला आणि लगेच डिलीट केला. पण मी वाचला होता.

हाच विषय 1934 साली मुंबईच्या कोर्टात गेला होता.

रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांचा मोठा मुलगा. विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सचं क्लिनिक निघालं, म्हणजे आपण जगाच्या मागे वगैरे नव्हतो! पण या कामापायी त्यांना 1925 मध्ये प्राध्यापकी सोडावी लागली. पुढे घर चालवायला पत्नी मालतीबाईंची कमाई होती. त्यांच्यावर वेगळा एपिसोड व्हायला हवा, खरं तर.

जुलै 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक निघालं. लोक पत्राने प्रश्न विचारायचे, र. धों. छापून उत्तर द्यायचे. आडपडदा नाही, उपदेश नाही. 1931 मध्ये अश्लीलतेचा पहिला खटला झाला, शंभर रुपये दंड. 1934 मध्ये दुसरा, आणि या वेळी गुन्हा काय, तर वाचकांच्या हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं दिली!

वकील कोण? बाबासाहेब आंबेडकर. त्यांचा मुद्दा साधा होता: मासिकच लैंगिक शिक्षणाचं आहे, वाचक शंका विचारणारच, मग संपादकाने उत्तर द्यायचं नाही तर काय करायचं? आणि लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील कसं? खटला हरले. दोनशे रुपये दंड. तरी 1953 मध्ये मरेपर्यंत र. धों. अंक काढत राहिले.

तेव्हा आपलं हिंगोली निजामाच्या राज्यात होतं. तिथे किती अंक पोचले असतील, देव जाणे.

आता 2007 मध्ये या. महाराष्ट्राने शाळांतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. आमच्या वर्गात प्रजननाचा धडा "घरी वाचा" म्हणून सुटला. मुली खाली बघत होत्या, आम्ही हसत होतो.

2014 पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत 'मैत्री' क्लिनिक असतात. सल्ला फुकट, नाव गुप्त. माझ्या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं.

भावाला मी उत्तर लिहिलं: नाही, काही अशक्तपणा येत नाही. खाली क्लिनिकबद्दल लिहिलं. दोन निळ्या टिक आल्या. दहा मिनिटांनी त्याचा दुसरा प्रश्न आला, आणि हा त्याने डिलीट केला नाही.