मोबाईलवर बुद्धिबळ शिकताय? ॲपमध्ये बग वाटणारे नियम आणि सुरुवातीचे डावपेच

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे सुट्टीत राधानगरीला घरी गेलो की मोबाईलच्या तक्रारी माझ्याकडे येतात. त्यातली एक ठरलेली: "दादा, बुद्धिबळाच्या ॲपमध्ये बग आहे, माझं प्यादं आपोआप गायब झालं!" तो बग नसतो, नियम असतो. आपल्याकडे बरेच जण हा खेळ आजोबांकडून किंवा काकांकडून शिकतात, आणि जुन्या देशी पद्धतीचे काही नियम आंतरराष्ट्रीय नियमांपेक्षा वेगळे आहेत. शाळेच्या स्पर्धेत आणि ॲपवर मात्र आंतरराष्ट्रीय नियमच चालतात. ते माहीत नसतील तर जिंकलेला डावही हातचा जातो.

आधी मूळ गोष्टी

पटावर ६४ घरं आणि प्रत्येकाकडे १६ सोंगट्या. तुमच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर आलं पाहिजे.

- हत्ती: सरळ, उभा-आडवा. किंमत ५.
- उंट: तिरका. किंमत ३.
- घोडा: अडीच घरं, मधल्या सोंगट्यांवरून उडी मारून. किंमत ३.
- वजीर: हत्ती आणि उंट दोघांच्या चाली. किंमत ९.
- प्यादं: पुढे सरळ चालतं, पण मारतं तिरकं. किंमत १.
- राजा: कुठल्याही दिशेला एक घर. त्याला किंमत नाही, कारण तो गेला की डाव संपला.

ही किंमत स्कोअरमध्ये धरत नाहीत. "घोडा देऊन हत्ती घेऊ का?" हे ठरवायला ती उपयोगी पडते. तीन देऊन पाच मिळत असतील तर बहुतेक वेळा घ्या.

बग वाटणारे चार नियम

१. प्याद्याची दोन घरं: देशी पद्धतीत प्यादं नेहमी एकच घर चालतं. आंतरराष्ट्रीय नियमात मूळ जागेवरून पहिल्या चालीला ते दोन घरं जाऊ शकतं.

२. आँ पासां: "गायब" होणारं प्यादं ते हेच. तुमचं प्यादं दोन घरं उडी मारून विरोधी प्याद्याच्या अगदी शेजारी आलं, तर ते एकच घर चाललं असं समजून समोरचा त्याला तिरकं मारू शकतो. पण हे लगेच पुढच्याच चालीत करावं लागतं. संधी सोडली की हक्क गेला.

३. किल्लेकोट: राजा हत्तीच्या दिशेने दोन घरं जातो आणि हत्ती त्याच्यावरून पलीकडे येऊन बसतो. ॲप ही चाल करू देत नसेल तर तपासा: राजा किंवा तो हत्ती आधी हलला आहे का? मध्ये सोंगटी आहे का? राजाला आत्ता शह आहे का? राजा ज्या घरातून जाणार किंवा ज्या घरात थांबणार, तिथे मारा आहे का? एकाचंही उत्तर "हो" असेल तर किल्लेकोट होणार नाही.

४. स्टेलमेट: समोरच्याला शह नाही, पण त्याच्याकडे एकही कायदेशीर चाल उरली नाही, तर डाव बरोबरीत. तुमच्याकडे वजीर जास्त असला तरीही. आपल्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरलेल्या पातळीला आलं की उघडतात, कुणाला विचारत नाहीत. ॲपचंही तसंच, अट पूर्ण झाली की डाव थांबला. उदाहरण बघा. काळ्याचा एकटा राजा ए८ वर आहे आणि तुम्ही वजीर बी६ वर ठेवलात, की स्टेलमेट. त्याऐवजी आधी तुमचा राजा सी६ वर आणा आणि मग वजीर बी७ वर ठेवा. मात!

पहिल्या दहा चालींचं गणित

- मधली चार घरं (डी४, ई४, डी५, ई५) ताब्यात ठेवा. ई४ किंवा डी४ ने सुरुवात करणं सोपं पडतं.
- घोडे आणि उंट लवकर बाहेर काढा. एकच सोंगटी पुन्हा पुन्हा हलवू नका.
- किल्लेकोट लवकर करा.
- वजीर घाईने काढू नका. समोरचा त्याच्यावर हल्ले करत आपल्या सोंगट्या बाहेर काढतो आणि तुम्ही नुसते पळत राहता.

तरी ऑनलाईन एक सापळा हमखास भेटेल. पांढरा उंट सी४ वर, वजीर एच५ वर, आणि दोघांचाही डोळा तुमच्या एफ७ वर. घाबरू नका, जी७ चं प्यादं जी६ वर ढकला. वजिराची वाट बंद होते आणि त्यालाच पळावं लागतं.

आणि प्रत्येक चालीआधी एकच प्रश्न: "त्याची ही चाल कशासाठी?" नवख्यांचे बरेच डाव डावपेचांत नाही, फुकट दिलेल्या सोंगट्यांमुळे जातात.

ॲप कसं वापरायचं?

लिचेस मोफत आहे, जाहिराती नाहीत आणि त्याचा कोडही सगळ्यांसाठी खुला आहे. पावसाळ्यात आमच्याकडे रेंज गेली तरी कॉम्प्युटरविरुद्ध ऑफलाईन खेळता येतं. एकाच फोनवर दोघंही खेळू शकतात.

सुरुवातीला १ मिनिटाचे बुलेट डाव टाळा. त्यात विचार होत नाही, फक्त बोटं पळतात. १० मिनिटांचा डाव निवडा आणि हरलात तर लगेच नवा सुरू न करता ॲनालिसिस उघडा. डाव कुठे फिरला ते शोधा. मात्र डाव चालू असताना स्टॉकफिशसारख्या इंजिनची मदत घेऊ नका. ती फसवणूक आहे आणि अकाउंट बंद होऊ शकतं.

वेळेचं भान मोठ्या पातळीवरही निकाल ठरवतं. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमी इथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपीसमोर होती. दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले आणि निकाल लागला रॅपिडच्या दुसऱ्या डावात. १९ व्या वर्षी दिव्या विश्वचषक जिंकली आणि भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली.

शेवटी एक महत्त्वाचं. मोबाईलवर सोंगटीला बोट लावून विचार बदलता येतो, स्पर्धेत नाही. तिथे स्वतःच्या ज्या सोंगटीला हात लावाल ती चालावीच लागते. म्हणून आठवड्यातून एक तरी डाव खऱ्या पटावर, हात मांडीवर ठेवून खेळा. आधी डोळ्यांनी चाल पूर्ण करा, मगच हात पुढे न्या.